शेवटची धार

ज्या सकाळी जकात नाक्यावर रतनची किटली अडवली गेली, त्या सकाळी तिला श्वास घ्यायलाही सवड नव्हती. वावरात भाताची कापणी अर्धी पडली होती. टाचा भेगाळल्यामुळे सासू चुलीपाशी बसून होती. चंद्री म्हैस थंडीनं पान्हा चोरत होती, तिला चुचकारण्यातच दिवस वर आला. तरी रतननं धार काढली, किटलीला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि उत्रोलीहून भोरची वाट धरली. सत्तर सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि वाटेवरच्या गवतानं तिच्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत भिजवला होता.

नाक्याच्या ओट्यावर गळ्यात मफलर गुंडाळलेला एक साहेब उभा होता. हातात कातडी पेटी, शेजारी नगरपालिकेचा शिपाई.

"बाई, थांबा. दूध विकायला नेताय?"

"व्हय. हाफिजभाईंच्या हाटेलात."

"गाईचं की म्हशीचं?"

"म्हशीचं."

"मी भेसळ खात्याचा इन्स्पेक्टर. नमुना घ्यायचाय."

रतननं किटली खाली ठेवली. साहेबानं पळीनं दूध तळापासून ढवळलं, तीन बाटल्यांत सारखं ओतलं, प्रत्येक बाटलीत दूध नासू नये म्हणून औषधाचे थेंब टाकले. मग बूच, दोरा, मेणबत्तीवर वितळवलेली लाख आणि लाखेवर सरकारी शिक्का. हे सगळं त्यानं इतक्या निगुतीनं केलं की बघणाऱ्यांना त्याचं कौतुक वाटलं. बघणारेही काही कमी नव्हते. नाक्यावर गर्दी जमायला कारण लागत नाही, इथं तर कारण होतं.

पंच म्हणून नाक्याचा कारकून झाला आणि दुसरे रखमाजी. रखमाजी उत्रोलीचे बागायतदार, गावात निघू घातलेल्या दूध सोसायटीचे चेअरमन. सोसायटी अजून कागदावर होती, पण चेअरमनकी त्यांच्या चालण्यात आलेली होती.

"पानी किती घातलंस, आधीच सांग की गं," रखमाजी म्हणाले. "सायबाचा येळ तरी वाचंल."

लोक हसले.

"तुमच्या हिरीचं न्हाई घातलं, आण्णा," रतन म्हणाली. "तितं आमाला कुठं भरू द्येता?"

हसू जागच्या जागी थांबलं. साहेबानं मान वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कागद पुढं केला. रतननं सही केली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही, 'रतन साहेबराव ओव्हाळ', एकेक अक्षर पेरल्यासारखं. तीनपैकी एक बाटली साहेबानं तिच्याच हातात दिली.

"ही तुमच्याकडं ठेवायची. फोडायची नाही."

"म्या हिचं काय करू?"

"काही नाही. नुसती ठेवा."

सरकारनं पहिल्यांदाच तिच्या हातात काही दिलं होतं, आणि त्याचं काही करायचं नव्हतं. रतननं बाटली पदरात बांधली आणि उरलेलं दूध घेऊन झपाझप हॉटेल गाठलं.

भोरात दूध घालायला सुरुवात केली तेव्हा तीन हॉटेलवाल्यांनी तिला कुठल्या वाड्यातली म्हणून विचारलं होतं. बौद्धवाडा म्हटल्यावर त्यांना दूध नको झालं. हाफिजभाईंनी मात्र वाडा विचारला नाही, म्हैस कितव्या वेताची ते विचारलं. तेव्हापासून तीन वर्षं तिची किटली त्यांच्याच पातेल्यात रिकामी होत होती. दूध उकळून चहा टाकताना ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "रतनचं दूध हाय, पानी हुडकून दावा."

हे खरंच होतं. रतननं दुधात पाणी कधी घातलं नव्हतं. म्हणून बाटली कोनाड्यात ठेवून ती निर्धास्तपणे कापणीला गेली, आणि पुढचे दोन महिने तिनं त्या बाटलीकडे नीट पाहिलंही नाही.

तिची धार काढायची रीत माहेरची होती. माहेर पासलीचं, वेल्ह्याच्या डोंगरातलं. तिथं पावसाचे चार महिने गोठ्यात चिखल, अंगात गारठा, आणि पारडू जगवायचं म्हणजे जिकिरीचं काम. रतनची आई अक्काबाई सांगायची, "कास पुरती पिळायची न्हाई. शेवटची धार पारडाची. ती मानसानं खाल्ली तर पुढलं येत नासतं." वेत नासतं की नाही ते रतनला ठाऊक नव्हतं, पण हात आपोआप थांबायचा. चारही सडांतली धार बारीक होऊ लागली की ती चरवी उचलायची आणि वगारीचं, चंद्रीच्या मादी पारडाचं, दावं सोडायची. वगार ढुशा देत कासेला भिडायची, तोंडाला फेस यायचा, शेपटी पंख्यासारखी फिरायची. रतन तेवढा वेळ चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. तिला तो दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ वाटायचा.

नवऱ्याच्या, साहेबरावच्या घरात ती सून म्हणून आली त्याआधी दोन वर्षांत दोन पारडं मेली होती. ती आल्यापासून एकही मेलं नव्हतं. त्यामुळे तिच्या रीतीला कोणी नावं ठेवली नाहीत.

पौषात पोस्टानं कागद आला. साहेबराव रस्त्याच्या गँगवर होता, घाटात डांबराची कामं चालली होती. संध्याकाळी तो हातपाय रॉकेलनं पुसत बसला आणि मग चिमणीजवळ धरून कागद वाचू लागला. चौथीपर्यंत शिकला होता, सरकारी मराठी त्याला अडखळत यायची.

"स्निग्धांश… म्हंजी फॅट. चार पॉइंट आठ. पायजे सहा." तो थांबला. "नमुन्यातील स्निग्धांश काढून घेतला असल्याचे दिसते."

"म्हंजी?"

"म्हंजी साय काढून दूध इकलंस."

"कुनी? म्या?"

"हितं तुजं नाव हाय."

चुलीजवळ बसलेल्या फुलाबाईंनी, साहेबरावच्या आईनं, लाकूड पुढं सारलं. साहेबरावनं तिकडे मान वळवली. त्याला विचारायचं नव्हतं, पण कागदानं त्याचं डोकं फिरवलं होतं.

"आये, तू काडतीस का साय?"

म्हातारी झटक्यात वळली. आवाज फाटला होता. "येकदा काडली. बोटभर. टाचंला लावली. ती बी घरच्या भांड्यातली, इकायच्या न्हाई. आता मला बी न्ये कोर्टात."

ती उठून भिंतीकडे तोंड करून पडली, जेवलीही नाही. रतननं तिच्या टाचांना कोमट तेल लावलं. लावता लावता तिला नवऱ्याचा इतका राग आला की तिनं त्याला दुसरी भाकरी वाढलीच नाही.

सकाळी हाफिजभाई हॉटेलाच्या पायरीवरच उभे होते. त्यांच्याकडेही नोटीस गेली होती.

"पोरी, किटली आत आनू नको."

"चाचा, तुमी बी?"

"मला म्हाईत हाय तू काय करनार न्हाईस. पर माझं लायसन नगरपालिकेच्या हातात हाय. माझी घरवाली साबिरा म्हनली, केस हाय तवर थांब. मला काय बोलायचं तोंड ऱ्हायलं न्हाई." त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं कोरडं कपाळ पुसलं. ते खरंच शरमले होते, म्हणून रतनला त्यांच्यावर ओरडताही येईना. भरली किटली घेऊन ती माघारी फिरली.

वेशीतच रखमाजी भेटले. हातात टूथब्रश, खांद्यावर टॉवेल.

"का गं साईवाली, आज भरलीच किटली माघारी?"

ते नाव त्यांनी एकदा घेतलं आणि दोन दिवसांत अख्ख्या गावानं घेतलं. शेतावर जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं, गिरणीवरचा माणूसही. पाणी घातलं म्हटलं असतं तर रतनला एवढं लागलं नसतं. पाणी सगळेच घालतात असं म्हणून लोक सोडून देतात. साय काढून दूध विकणारी म्हणजे गिऱ्हाइकाच्या पुढ्यातलं काढून घेणारी. तिला रात्री झोपेतसुद्धा ते नाव ऐकू यायचं.

बाजाराच्या दिवशी ती नगरपालिकेत गेली. इन्स्पेक्टर त्या दिवशी तिथं बसायचा. टेबलावर एक लांब वही उघडी होती, तिच्यात गावांची नावं आणि नावांपुढं रेघा.

"साहेब, म्या साय काडली न्हाई."

"बाई, तपासणी पुण्याच्या प्रयोगशाळेत झाली. मी केली नाही." तो चिडून बोलत नव्हता. "खटल्याला मंजुरी मागितली आहे. कायद्यात सहा महिन्यांची कैद आहे, सांगून ठेवतो."

रतन टेबलाला धरून उभी राहिली.

"ह्या वहीत काय हाय?"

"कुठल्या गावात दिल्लीचा भेसळीचा नियम किती पाळला जातो, त्याची नोंद. हे भोंगवली. तीन नमुने, दोन पास. हे तुमचं उत्रोली. एक नमुना, एक नापास."

"म्हंजी माझ्यापायी अख्खं उत्रोली नापास?"

"सध्या तरी तसंच दिसतं."

घरी येताना तिला कळलं की रखमाजी इतके का चेकाळले आहेत. सोसायटीच्या अर्जासोबत साहेबांच्या ह्या वहीतली नोंद जाणार होती. बौद्धवाड्याला सभासद करून घ्यायचं नाही म्हणून ते आधीच कारण शोधत होते, ते आता लाखेचा शिक्का मारून त्यांच्या हातात आलं होतं.

त्याच आठवड्यात वगारीला हगवण लागली. मागचं सगळं भरलं, कान लोंबले, ती कासेकडे बघेना. रतननं कुड्याची साल उगाळून पाजली, भाताची पेज पाजली, पाठीवर पोतं घातलं. संध्याकाळी धार काढली आणि नेहमीसारखा हात थांबवला, तर पुढं पिणारं कोणी नव्हतं. कास तशीच तटतटून राहिली तर दगडी होणार, सुजून कडक होणार. म्हणून ती पुन्हा उकिडवी बसली, सड ओले केले आणि घरच्या एका तांब्यात शेवटपर्यंत पिळत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. बोटं दुखली, मनगटं भरून आली. चंद्री मागं वळून बघत होती आणि रतनला चोरी करत असल्यासारखं वाटत होतं.

सकाळी तिनं तांब्यावरची ताटली काढली. बोटानं साय ढकलली तर ती मोडेना. भाकरीएवढी जाड साय, आणि दूध होतं जेमतेम अर्धा तांब्या.

"आत्याबाई, हे बघा."

फुलाबाई आल्या, वाकल्या, आणि त्यांनी बोटानं सायीची जाडी मापली. मग म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या चार दिसाची साय हाय."

रतननं पदर खोचला. त्या सकाळची पहिली धार तिनं एका तांब्यात घेतली, शेवटची दुसऱ्यात, दोन्हींच्या तोंडाला फडकी बांधली आणि भोरचं दूध केंद्र गाठलं. तिथं फॅट लावायला आनंदराव होते. काळी टोपी, ॲसिडनं भोकं पडलेला सदरा, तोंडात सुपारी. पंधरा वर्षं दुधाची फॅट मोजून त्यांचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता.

"तुझं दूध केंद्राला येत न्हाई. म्या का लावू फॅट?"

"तुमचं काम झाल्यावर लावा. म्या बसते."

ती केंद्राच्या दारात उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसली. शेवटी आनंदरावांनी वैतागून दोन काचेच्या नळ्या घेतल्या, ॲसिड घातलं, दूध घातलं, नळ्या हातयंत्रात बसवल्या आणि दांडा फिरवला. पहिली नळी उजेडाकडे धरली. "तीन-आठ. ह्ये दूध न्हाई, गंमत हाय." मग दुसरी धरली. ती खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा धरली.

"बारा. ह्ये कुठल्या म्हशीचं?"

"त्येच म्हशीचं. त्येच येळचं. पयली धार आन् शेवटची."

आनंदराव सुपारी चघळायची थांबले. "फॅट हलकी, ती कासंत मागं ऱ्हाती आन् शेवटाला उतरती, असं ट्रेनिंगला सांगितलं हुतं. म्या कवा बघितलं न्हवतं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "शेवटची धार तू कुनाला घालतीस?"

"वगारीला."

"मग साय वगारीनं खाल्ली की."

"त्येच मला कागदावर लिवून द्या," रतन म्हणाली.

आनंदरावांनी लिहून दिलं. दोन आकडे, तारीख, सही. तो कागद घेऊन ती पुढच्या बाजाराला पुन्हा इन्स्पेक्टरपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, उद्या सकाळी धारंला या. तुमच्या डोळ्यांनी बघा."

तो येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. पण मफलर गुंडाळून, पँट दुमडून, शेणातून वाट काढत तो उजाडायला गोठ्यात आला. वगार तोवर बरी झाली होती. रतननं त्याच्यासमोर चंद्रीच्या मागच्या पायांना दोरीचा भाला बांधला, सड धुतले आणि रोजच्यासारखी धार काढली. हात थांबला, वगार सुटली, तिनं फेसानं तोंड माखून घेतलं. साहेब भिंतीला टेकून सगळं बघत होता. फुलाबाईंनी त्याला बसायला पाट दिला आणि चहा पुढं केला. तो क्षणभर थांबला, मग बशीत ओतून प्यायला. फुलाबाईंनी पुढं वर्षभर ही गोष्ट सांगितली.

"बाई, तुम्ही खरं बोलता हे मला दिसतंय," तो म्हणाला. "पण कायदा किटलीत बघतो, कासेत बघत नाही. गिऱ्हाइकाला मिळालं ते दूध कमी प्रतीचंच होतं."

"मग वगारीला उपाशी मारू?"

"ते मी सांगू शकत नाही. मी आज जे पाहिलं ते लिहून कागदाला जोडीन. खटला मात्र थांबणार नाही."

तो गेल्यावर रतन गोठा झाडू लागली. राग आला होता, पण साहेबाचं बोलणं डोक्यातून जाईना. हाफिजभाईंचं गिऱ्हाईक सबंध दुधाचे पैसे देत होतं आणि साय चंद्रीच्या पोरीच्या पोटात जात होती, हे काही खोटं नव्हतं. कासेकडे बघता बघता तिला एकदम सुचलं. सड चार आहेत. सगळ्यांची शेवटची धार कशाला सोडायची? मागचा डावा सड पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत वगारीचा. उरलेले तीन पुरते रिते करायचे.

चंद्रीला ते पटायला आठ दिवस लागले. ती लाथा झाडायची, एकदा चरवीच उलथली, रतनच्या पोटरीवर खुराचा काळानिळा वण उठला. वगारही चुकीच्या सडाला तोंड घालायची, तिला नाकाडावर चापट मारून मागं न्यावं लागायचं. रतननं सोडलं नाही. नवव्या दिवशी वगार दावं सुटताच स्वतःहून मागच्या डाव्या सडाला गेली, आणि रतन किटली घेऊन आनंदरावांकडे. सहा पॉइंट नऊ.

ती चिठ्ठी तिनं हाफिजभाईंना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "केस मिटू दे, पोरी. मग तूच तू." रतन चिठ्ठी पदरात बांधून निघाली. घरी दूध विरजत होतं, तूप कढत होतं, आणि म्हातारीच्या टाचा मऊ झाल्या होत्या.

तारीख चैत्रात लागली. साहेबरावनं गँगवरच्या ओळखीनं एक वकील धरला होता. वकिलानं कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली दोघांना समजावलं.

"तुमच्या कोनाड्यातली बाटली कलकत्त्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येते. पण वेळ जाईल."

"तितं काय येगळं निघनार?" रतन म्हणाली. "दूध त्येच हाय."

"मग सरळ कबूल करायचं. साय काढली, चूक झाली, पुन्हा करणार नाही. हात जोडायचे. इन्स्पेक्टरनं चांगलं लिहिलंय, कोर्ट उठेपर्यंत कैद आणि थोडा दंड, एवढ्यावर सुटाल. नाहीतर सहा महिने."

"साय काडली असं म्हनायचं?"

"म्हणायला काय जातंय?"

वकील आत गेला. साहेबरावनं रतनचा दंड धरला. त्याच्या हाताला डांबराचा वास होता.

"म्हन, रतन. मोकळी व्हशील. सा म्हैने तू तितं, आन् हितं आई, म्हस… म्या काय करू? लोक चार दिस बोलतील आन् इसरतील."

"तुमी आईला इचारलं तवा आई इसरली का?"

साहेबरावनं हात सोडला.  रतनला भीती वाटत होती, पण एक गोष्ट तिच्यापाशी पक्की होती. केलेलं कबूल करायचं, न केलेलं नाही.

पुकारा झाला. आतमध्ये पंखा कुरकुरत होता. मॅजिस्ट्रेट चाळिशीतले, कपाळावर आठी. त्यांच्यापुढं त्या दिवशी बांधाच्या भांडणाचंही प्रकरण होतं, त्यात साक्षीला रखमाजी आले होते आणि मागच्या बाकावर उत्रोलीची पाचसहा माणसं बसली होती.

"गुन्हा कबूल आहे का?"

वकिलानं मान हलवून तिला खूण केली. रतननं हात जोडले नाहीत, कठड्यावर ठेवले.

"दूध फॅटला कमी भरलं, त्ये कबूल. म्या इकलं, त्ये बी कबूल. साय काडली, त्ये कबूल न्हाई."

वकिलानं कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं.

"कायद्याला पहिलं पुरेसं आहे," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"पुरंसं असंल साहेब. पर कागदावर दुसरं बी लिवलंय. त्ये खोटं हाय."

मॅजिस्ट्रेटांनी कागद उलटला, जोडलेलं टिपण वाचलं आणि इन्स्पेक्टरकडे पाहिलं. "तुम्ही स्वतः गोठ्यात गेला होता?"

"हो साहेब."

"काय पाहिलंत?"

इन्स्पेक्टरनं सांगितलं. वगार, शेवटची धार, तीन-आठ आणि बारा. बोलताना त्याचा आवाज वहीतल्या नोंदीसारखाच कोरडा होता, पण त्यानं एकही गोष्ट गाळली नाही. आता तीन सडांची रीत सुरू केल्याचंही सांगितलं. मॅजिस्ट्रेट लिहीत राहिले. रतन उभी राहिली. पोटरीवरचा जुना मार ठणकायला लागला.

"कमी प्रतीचं दूध विकल्याबद्दल दोषी," शेवटी ते म्हणाले. "परिस्थिती पाहता कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड." पुढं ते लेखनिकाला भरभर इंग्रजीत काही सांगत गेले. ते कोणालाच कळलं नाही.

शिपायानं तिला भिंतीकडेच्या बाकावर बसवलं. दुपारचे बारा वाजले होते. दंड साहेबरावनं भरला, पण त्यानं फडक्यात बांधून आणलेली भाकरी बाहेरच राहिली. बांधाचं प्रकरण झालं, एका कोंबडीचोराला तारीख मिळाली, एक म्हातारा आपल्याच नावाचा पुकारा ऐकू न आल्यानं ओरडा खाऊन गेला. ऊन खिडकीतून सरकत तिच्या पायांवर आलं, मग भिंतीवर चढलं. उत्रोलीची माणसं साक्ष होऊनही गेली नाहीत. साईवालीला बसलेली बघण्याची हौस त्यांना सोडवत नव्हती. रतननं पदर डोक्यावर घेतला नाही की मान खाली घातली नाही. तिला बसायची शिक्षा झाली होती, ती बसली.

पाचला मॅजिस्ट्रेट उठले, सगळे उठले, आणि मॅजिस्ट्रेट आतल्या खोलीत गेले.

"जा बाई, सुटलीस," शिपाई म्हणाला.

रतन उठली, पण दाराकडे गेली नाही. ती लेखनिकाच्या टेबलापाशी आली.

"दादा, साहेबांनी काय सांगितलं लिवायला?"

"नक्कल मिळेल. अर्ज करा."

"करते. पर आता मराठीत सांगा."

लेखनिकानं कागदावर नजर टाकली आणि हळू आवाजात म्हटलं, "आरोपीनं दुधातून साय काढल्याचं सिद्ध होत नाही. आरोपी खरं बोलते असं कोर्टाचं मत आहे."

रतनचे ओठ हलले. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"मोठ्यांदी सांगा."

"कोर्ट उठलंय, बाई."

"म्हून तर म्हनते. कोर्ट हुतं तवर म्या गप बसले."

लेखनिकानं तिच्याकडे पाहिलं, मग दारात थांबलेल्या माणसांकडे. साहेबराव भाकरीचं फडकं छातीशी धरून उभा होता. रखमाजी चपला पायात घालायचे थांबले होते. लेखनिक घसा साफ करून उठला आणि पुकारा करतात तशा आवाजात त्यानं ती दोन्ही वाक्यं वाचली.

कोणी हसलं नाही. रखमाजींनी एक चप्पल घातली, दुसरी सापडेना म्हणून खाली बघत राहिले.

"परत येकदा," रतन म्हणाली. "मागल्यांना आयकाय गेलं नसंल."

लेखनिकानं परत वाचलं.